बेत्तानी साहेबांची शोकसभा

गुरुवारी सकाळी मथुराबाईंनी दुधाची पिशवी पूर्णिमाबाईंच्या हातात दिली आणि नेहमीसारख्या लगेच वळल्या नाहीत. चपला काढल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आत येऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या. विश्रांतवाडीत मथुराबाईंच्या मुलांच्या तीन इमारती उभ्या आहेत, तरी दोन म्हशींचं दूध त्या स्वतः घालतात आणि कुणाच्या घरात बसायला त्यांना वेळ नसतो. त्यामुळे पूर्णिमाबाई जरा घाबरल्याच.

"वाईट झालं," मथुराबाई म्हणाल्या. "सरांना म्हणावं, धीर धरा."

"कशाचा धीर?"

"कवा गेले?"

"कोण?"

"आता काय सांगावं! तुमचे ते पावणे. चौकात बोर्ड लागलाय की एवढा मोठा. एकशेचार वर्सं म्हंजी सोनं झालं बाई. आमच्या सासऱ्यांनी ब्याण्णव काढली तर गाव नवल करत व्हतं." मग आवाज खाली आणून त्यांनी मनातलं विचारून टाकलं, "काय खात व्हते ओ?"

तोंडात टूथब्रश धरून पूर्णिमाबाईंचे यजमान बद्रीनाथ गव्हाणे आतून हे ऐकत होते. ते तसेच खाली उतरले आणि चौकात गेले. तिथे जे दिसलं ते पाहून तोंडातला फेस त्यांनी गिळला.

दहा बाय आठचा फ्लेक्स होता. मधोमध काळ्या कोटातला, मान खाली घातलेला, हात जोडलेला एक म्हातारा. दोन्ही बाजूंना तेवत्या समया. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'कै. ऑरेलिओ बेत्तानी', जन्म १९२१, मृत्यू चालू साली. त्याखाली 'शनिवार, सायंकाळी ६ वाजता, समाजमंदिर. उशिरा येणाऱ्यास आत घेतले जाणार नाही.' सर्वांत खाली 'शोकाकुल : चित्रास्वाद मंडळ व समस्त ग्रामस्थ' आणि वॉर्डातले पुढारी गेनबाशेठ यांचा गॉगल लावलेला फोटो.

ऑरेलिओ बेत्तानी हे बद्रीनाथांचे पाहुणे नव्हते. ते इटलीचे मंत्री होते. चाळीस वर्षं या ना त्या खात्यावर बसलेले, शंभर भानगडींत नाव आलेले आणि एकाही भानगडीत न सापडलेले. त्यांच्या आयुष्यावर निघालेला सिनेमा बद्रीनाथ शनिवारी दाखवणार होते. एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून ते हा एकच उद्योग करत. महिन्यातून एक परदेशी सिनेमा समाजमंदिरात फुकट दाखवायचा. नुसता दाखवायचा नाही, तर त्यातलं वाक्यन् वाक्य मराठीत आणून पडद्याच्या तळाशी बसवायचं. त्याला महिना जाई. बघायला येत अकरा माणसं. त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला येत, हे बद्रीनाथांनाही माहीत होतं.

समाजमंदिर गेनबाशेठांच्या ताब्यात होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी बद्रीनाथांना बोलावून सांगितलं होतं, "सर, अकरा माणसांसाठी हॉल अडवून ठेवताय. झुंबावाल्या बाई साठ बायका आणायला तयार हायेत. या खेपेला पन्नास मुंडकी दिसली नाहीत, तर शनिवार त्यांचा."

बद्रीनाथ अंबडहून पुण्यात आले त्याला चौतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या शहराने त्यांना पत्ता विचारला होता, पार्किंग विचारलं होतं, पण 'सर, पुढचा कोणता?' असं विचारणारी ही अकराच माणसं भेटली होती. शनिवार गेला असता तर बद्रीनाथांकडे काही म्हणता काही उरलं नसतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फ्लेक्स करायला दिला होता.

तोंड न धुताच ते शंभूच्या दुकानात गेले. शंभू गेली वीस वर्षं फ्लेक्स छापत होता. आळंदी रस्त्यावरचा एकही आनंद किंवा दुःख त्याच्या हातून सुटलं नव्हतं.

"शंभू, हे काय केलंस तू?"

"आवडलं ना? समया एक्स्ट्रा टाकल्या. तुमच्यासाठी."

"अरे, तो सिनेमा आहे!"

शंभूने मोबाइल काढून बद्रीनाथांचा मेसेज त्यांच्यासमोर धरला. "यात सिनेमा कुठं लिहिलंय, दाखवा."

"चित्रास्वाद मंडळ लिहिलंय की. चित्र दाखवणारं मंडळ दुसरं काय करणार?"

"सर, फोटो ब्लॅक अँड व्हाइट. मान खाली. हात जोडलेले. नावापुढं दोन सालं. आता माझ्याकडं तीन डिझाइन आहेत. वाढदिवस, निवड आणि हे. वाढदिवस करू?"

"आणि साल? मी दोन हजार नऊ लिहिलं होतं."

"ते चुकलं होतं तुमचं. दोन हजार नऊला गेलेल्या माणसाची सभा आत्ता कोण घेतं? दुःखात होतात, म्हटलं होतं असं. मी गुपचूप दुरुस्त केलं."

"आणि गेनबाशेठ?"

"ते त्या डिझाइनमध्येच असतात. काढले तर वरची समई हलते."

"बरं, आत्ताच्या आत्ता नवीन छापून दे."

"संध्याकाळपर्यंत मशीन मोकळं नाही," शंभूने मागे बोट दाखवलं. मशीनमधून बेत्तानींचं कपाळ हळूहळू बाहेर येत होतं. वीस बाय दहाचं. "तनुजाताईंची ऑर्डर आहे. त्यांनी सकाळी चौकात गेनबाशेठांचा फोटो बघितला."

तनुजाताई म्हणजे वॉर्डात गेनबाशेठांच्या विरोधात उभ्या राहणार असलेल्या बाई. निवडणूक तोंडावर आली होती आणि कुणाच्याही दुःखात मागे राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांच्या फ्लेक्सवर 'आमचे मार्गदर्शक' असा शब्द जास्तीचा होता.

बद्रीनाथांनी तिथूनच गेनबाशेठांना फोन लावायला घेतला, तेवढ्यात त्यांचाच आला.

"सर, मला कळवायचं नाही व्हय? चौकात माझा फोटो, आन् मलाच लोक फोन करून विचारत्यात."

"तेच सांगणार होतो. हे बेत्तानी म्हणजे..."

"साहेबांबद्दल मला सांगू नका," गेनबाशेठ गहिवरून म्हणाले. "लई जुना संबंध आमचा."

आता यात गेनबाशेठांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. तीस वर्षांत त्यांनी घरची लग्नं चुकवली, पण परिसरातला एक दहावा चुकवला नव्हता. दशक्रियेला घाटावर उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे, यावरच त्यांचं सगळं राजकारण चालत होतं. असा माणूस 'हे कोण?' असं विचारूच शकत नाही. शिवाय तो स्वतःच शोकाकुल असल्याचं चौकात छापून आलेलं असताना तर नाहीच नाही.

"किती लोक येतील?" गेनबाशेठांनी विचारलं.

"आता... काय सांगावं."

"मी दोनशे खुर्च्या सांगतो. तनुजाबाई येणार हाय म्हणं. अडीचशे सांगतो."

फोन बंद झाला. अडीचशे हा आकडा बद्रीनाथांच्या डोक्यात घरी पोहोचेपर्यंत वाजत राहिला.

पूर्णिमाबाईंचं माहेर जुन्या पुण्यातल्या कसबा पेठेतलं, मोजकं आणि नेमकं बोलणाऱ्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप पुढे सरकवला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटं बोललात का?"

"छे! एक शब्दही नाही."

"मग खरं बोललात का?"

बद्रीनाथांनी चहाकडे पाहिलं. "संधीच मिळाली नाही."

"मिळाली असती तर तुमची पंचाईत झाली असती," पूर्णिमाबाई म्हणाल्या आणि शनिवारसाठी पांढरा सदरा शोधायला उठल्या.

शुक्रवारी दिवसभर विश्रांतवाडीला दुसरा विषय नव्हता. गंमत म्हणजे, हे गृहस्थ कोण असं कुणीच कुणाला उघड विचारत नव्हतं. फक्त कानोसा घेतला जात होता. नावावरून ते खडकीचे ख्रिस्ती असावेत, असा वाण्याच्या दुकानात कौल पडला. 'कै.' कसं काय लागलं, यावर रिक्षा स्टँडने चर्चा केली आणि एवढं वय झाल्यावर चालतं, असं ठरवलं. योगाच्या वर्गात फोटो झूम करून त्वचा पाहिली गेली. एकशेचार वर्षं जगलेला माणूस काय खात असेल, हा मथुराबाईंचा प्रश्न दुधाबरोबर घरोघरी पोहोचला होता. बद्रीनाथांना रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण आधी सांत्वन करी आणि मग हळूच तेवढंच विचारी.

शनिवारी उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाहीत म्हणून पाच वाजताच रांग लागली. सहाला दहा मिनिटं असताना तीनशे माणसं आत होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. झुंबावाल्या बाईसुद्धा साठ बायकांना घेऊन आल्या होत्या. सिनेमाच्या पडद्यासमोर कुणीतरी टेबल ठेवून त्यावर बेत्तानींचा फोटो मांडला होता. फोटोला झेंडूचा हार होता. नेहमीचे अकरा जण मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बसायला जागा नव्हती. आपण चुकीच्या ठिकाणी आलो का, हे बाहेर जाऊन पाटी बघून यायची त्यांची तयारी होती, पण मग परत आत घेतलं नसतं.

गेनबाशेठांनी माइक हातात घेतला.

"साहेबांबद्दल काय बोलावं," ते म्हणाले आणि हे मात्र अगदी मनापासून म्हणाले. "साहेब कमी बोलायचे. पण एकदा डोक्यावर हात ठेवला की ठेवला."

नंतर तनुजाताई उठल्या. गेनबाशेठांच्या डोक्यावर हात होता, तर त्या मागे कशा राहतील? "मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा साहेबांनी मला घरी बोलावून सांगितलं, 'पाण्यासाठी लढ.'" झालं. तिसऱ्या वक्त्याने पाणी पकडलं. धानोरीची लाइन मंजूर झाली, त्यामागे एक अदृश्य हात होता, तो कुणाचा हे आज सांगायला हरकत नाही, असं म्हणून त्याने फोटोकडे पाहिलं. चौथ्याने पाइप स्वतः साहेबांसोबत मोजला होता. पाचवे गृहस्थ महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले होते. ती लाइन त्यांनी स्वतः टाकली होती, पण एवढ्या लोकांसमोर त्यांचीही हिंमत झाली नाही. "साहेबांचं मार्गदर्शन लाभलं," एवढंच बोलून ते बसले.

बद्रीनाथ कोपऱ्यात उभे होते. आता सांगून टाकावं, असं त्यांना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी खुर्च्या मोजल्या.

शेवटी गेनबाशेठच म्हणाले, "आता सरांनी साहेबांच्या जीवनावर एक चित्रफीत केलीय म्हणं. ती बघू आन् मग श्रद्धांजली अर्पण करू." अलीकडे अशी दहा मिनिटांची चित्रफीत असतेच. लोक सावरून बसले. फोटोचं टेबल बाजूला झालं. दिवे मालवले.

पडद्यावर आधी नुसते बूट आले. नऊ जोड चकचकीत काळे बूट संगमरवरी जिन्यावरून अतिशय संथ उतरत होते आणि मागे जोरात बँड वाजत होता. मग कॅमेरा छताला टांगल्यासारखा वरून फिरला आणि खाली लालभडक गालिच्यावर एकटे बेत्तानी बसलेले दिसले. ते संत्रं सोलत होते.

"संत्रं!" मथुराबाई मोठ्यांदा म्हणाल्या. सभागृहात ही बातमी शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"खर्च केलाय घरच्यांनी," कुणीतरी कौतुकाने कुजबुजलं.

पाचव्या मिनिटाला मात्र हा सिनेमा आहे, बेत्तानी खडकीचे नाहीत आणि धानोरीच्या पाइपलाइनशी त्यांचा काडीचा संबंध नाही, हे सगळ्या सभागृहाला कळून चुकलं होतं. पण आता करता काय? जो आधी उठेल, त्याला काही माहीत नव्हतं हे सिद्ध होणार. गेनबाशेठांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून तनुजाताईंकडे पाहिलं. तनुजाताई गेनबाशेठ उठायची वाट पाहत होत्या. पुढची रांग उठेना म्हणून मागची उठेना. अशा रीतीने बद्रीनाथांना हवे होते तसे, दोन तास दहा मिनिटं न हलणारे तीनशे प्रेक्षक मिळाले.

आणि मग सिनेमाने त्यांना धरलं. बेत्तानींची तऱ्हाच अशी होती की, बघत राहावं. समोर माणूस ओरडत असे, रडत असे, कागद आपटत असे. बेत्तानी गप्प. चाकूने संत्र्याची साल काढत राहायचे, एकसलग, न तोडता. ती साल बशीत पडेपर्यंत समोरच्याने राजीनामा लिहून दिलेला असे. एका मेजवानीत त्यांनी सूपला हात लावला नाही म्हणून साठ पाहुण्यांनी लावला नाही. चार मिनिटं पडद्यावर नुसतं सूप निवत होतं आणि विश्रांतवाडीच्या समाजमंदिरात कुणी खोकलं नाही. कोर्टात एकतीस साक्षीदार आले. एकेकाची टोपी निराळी, जबानी एकच. 'आठवत नाही.' तिसाव्याला सभागृह हसू दाबत होतं. एकतिसावा म्हणाला, 'मी कशाला आलोय तेच आठवत नाही,' आणि तीनशे माणसं एकदम खो खो हसली.

हे वाक्य मुळात वेगळं होतं. बद्रीनाथांनी त्याच्यावर तीन दिवस घालवले होते. आजवर त्यांच्या कुठल्याच वाक्याला इतकी माणसं हसली नव्हती. खरं तर कुणीच हसलं नव्हतं. अंधारात त्यांना रडू आलं. आवरेना. शेजारच्या माणसाने पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मोकळं होऊ द्या सर. साहेब होतेच तसे."

शेवटी बेत्तानी निर्दोष सुटले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. 'ऑरेलिओ बेत्तानी यांचे २००९ साली रोम येथे निधन झाले.'

दिवे लागले. कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. बद्रीनाथ माइकजवळ जाऊन उभे राहिले. आता जे व्हायचं ते होवो, अशा तयारीने त्यांनी घसा साफ केला. पण त्याआधी मथुराबाईच बोलल्या.

"म्हंजी अठ्ठ्याऐंशीच," त्या अगदी हिरमुसल्या. "आमचे सासरे बरे की मग."

गेनबाशेठांनी सावकाश उठून फोटोला फूल वाहिलं. "साहेबांचा हा बाहेरचा भाग फार थोड्या लोकांना माहीत व्हता," ते म्हणाले. "आपण दोन मिनिटं उभं राहू." सगळे उभे राहिले. तनुजाताईंनी डोळे पुसले. निवृत्त पाणीपुरवठेवाल्यांनी तर मान इतकी खाली घातली की बघवेना.

मंगळवारी गेनबाशेठांनी बद्रीनाथांना ऑफिसात बोलावलं. बद्रीनाथ जीव मुठीत धरून गेले. गेनबाशेठ टेबलामागे बसले होते. समोर बशी, बशीत संत्रं, हातात चाकू. त्यांनी बसा म्हटलं नाही. बद्रीनाथ उभे राहिले. गेनबाशेठ सोलायला लागले. बद्रीनाथांच्या मनात माफीचं वाक्य तयार झालं होतं, तेवढ्यात साल मधूनच तुटली आणि तुकडा गेनबाशेठांच्या मांडीवर पडला.

"तिच्यायला!" त्यांनी चाकू खाली ठेवला. पायाशी टोपलीत आणखी डझनभर संत्र्यांच्या तुटक्या साली होत्या. "सर, जमत नाही ओ. संत्रं नागपूरचं हाय म्हणून का चाकू धरायला चुकतोय? तेवढा भाग परत दाखवता का?"

"दाखवतो की," बद्रीनाथ कसेबसे म्हणाले.

"तनुजाबाईला नाही दाखवायचा."

तनुजाताई सोमवारीच येऊन बघून गेल्या होत्या. बद्रीनाथांनी ते सांगितलं नाही.

"शनिवार तुमचा," गेनबाशेठ म्हणाले. "झुंबावाल्यांना बुधवार देतो. पण सर, पन्नासाची अट हाय ती हाय. आमच्या ट्रस्टलाबी उत्तर द्यावं लागतं."

पुढचा सिनेमा एका जपानी मासेमारावर होता. बद्रीनाथांनी महिनाभर खपून त्याची वाक्यं मराठीत आणली. या खेपेला घोटाळा नको म्हणून फ्लेक्सचा मजकूर पूर्णिमाबाईंनी स्वतः लिहून दिला. 'हा चित्रपट आहे. कोणीही गेलेले नाही.' बद्रीनाथ तो कागद खिशात घालून शंभूच्या दुकानात गेले आणि आधी फोटो दाखवला.

शंभूने फोटो मोठा करून पाहिला. म्हातारा मासेमार समुद्राकडे पाहत होता. फोटो काळा-पांढरा होता.

"वय काय?" शंभूने विचारलं.

"त्र्याण्णव."

"बरं. आणि सर, या वेळी आधीच विचारतो. नंतर बोलणी नकोत." शंभूने माउसवर हात ठेवला. "हे आहेत, का गेले?"

बद्रीनाथांचा हात खिशातल्या कागदावर गेला. मागे शेल्फवर जुन्या फ्लेक्सची गुंडाळी होती आणि तिच्यातून बेत्तानींचे जोडलेले हात तेवढे दिसत होते. बद्रीनाथांनी ते पाहिले. मग त्यांनी खिशातून हात रिकामाच बाहेर काढला, काउंटरवर ठेवला आणि शंभूकडे नुसतं बघत राहिले.

शंभूने एक सुस्कारा टाकला आणि डावीकडे एक, उजवीकडे एक अशा दोन समया टाकल्या.